हे शोधायला कोण येईल?

सकाळी साडेसातला मी वाचनालयाचं कुलूप उघडते तेव्हा पायरीवर आठ-दहा पोरं आधीच येऊन बसलेली असतात, पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. मग दिवस सुरू होतो. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय आहे हे आणि मी एकोणीस वर्षं झाली इथं ग्रंथपाल आहे, पण गावात ग्रंथपाल हा शब्द कुणी वापरत नाही, मी आपली लायब्ररीवाल्या मॅडम. सासूबाई कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायच्या, सून पुस्तकं वाटायला जाते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

परवा मात्र बहिणीचा मुलगा आला होता, बारावी झालीय, पुढं काय करावं बघतोय, त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं, "मावशी, ग्रंथपाल व्हायला नेमकं काय शिकावं लागतं गं? पुस्तक तर कुणीबी काढून देईल की." मी त्याला कोर्सची नावं सांगितली, आधी सर्टिफिकेट, मग पदवी झाल्यावर बी.लिब., मग एम.लिब., कॉलेजात जायचं तर नेट नाहीतर सेट. त्यानं मोबाईलमध्ये लिहून घेतलं आणि गेला. रात्री भाकरी टाकताना माझ्या डोक्यात तेच, की मी त्याला उत्तर दिलंच नाही, त्यानं विचारलं होतं काय शिकावं लागतं आणि मी सांगितल्या परीक्षा.

तर हे त्याच्यासाठी लिहितेय असं समजा.

मी सर्टिफिकेट कोर्स केला तेव्हा जिल्ह्याला वर्ग भरायचा. एसटीनं जायचं, डबा बरोबर. विषयांची नावंच घाबरवणारी, वर्गीकरण, तालिकीकरण (म्हणजे पुस्तकांच्या सूचीची कार्डं लिहिणं), ग्रंथालय व्यवस्थापन. पाच इंच बाय तीन इंचाच्या कार्डावर आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, किती जागा सोडून दुसरी ओळ सुरू करायची तेसुद्धा ठरलेलं, आणि चुकलं की पूर्ण कार्ड परत लिहायचं. दाखल रजिस्टर, म्हणजे नवं पुस्तक आलं की नोंदायचं ते, कसं लिहायचं, शिक्का कुठं मारायचा, गुप्त पान कोणतं धरायचं. (गुप्त पान म्हणजे प्रत्येक वाचनालयाचा एक पानाचा आकडा ठरलेला असतो, त्या पानावर आतून शिक्का असतो, कुणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलं म्हणून नेलं तरी सापडावं म्हणून. आमचा आकडा मी इथं लिहिणार नाही.)

एके दिवशी वर्गीकरणाच्या प्रॅक्टिकलला बाईंनी जात्यावरच्या ओव्यांचं एक पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, द्या वर्गांक, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकाचा आकडा. ड्युईच्या पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे द्यायची जी पद्धत जगभर चालते तीत, मराठी साहित्य ८९१.४६ आणि त्यातली कविता ८९१.४६१. आम्ही निम्म्या जणांनी तेच लिहिलं, ओवी म्हणजे कविताच की. बाकीच्यांनी ३९८ लिहिलं, लोकसाहित्य. भांडण जुंपलं वर्गात. बाईंनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दोन्ही बरोबर आहे, आता मला सांगा, तुमच्या गावात हे पुस्तक शोधायला कोण येईल? बी.ए.चा पोरगा येईल का एखादी शिक्षिका येईल का ज्यांच्या तोंडात त्या ओव्या आहेत अशी एखादी आजी येईल? ती कोणत्या कपाटापाशी जाईल? तिथं ठेवा.

एवढंच. पुढं मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.लिब. केलं, रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन, मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, पुस्तकं बरीच वाचली, परीक्षा दिल्या, पण माझ्या धंद्याचं जे काही मला कळलंय ते त्या एका प्रश्नात आहे. हे शोधायला कोण येईल.

उदाहरण सांगते. ड्युईनं १८७६ साली अमेरिकेत बसून जगातल्या सगळ्या ज्ञानाचे दहा भाग केले, त्यात २०० म्हणजे धर्म, आणि त्या २०० मधली बहुतेक सगळी जागा ख्रिस्ती धर्माला, बाकीच्या सगळ्या जगाला मिळून २९०. हिंदू धर्म २९४.५. आता आमच्या वाचनालयात धर्माची दोन कपाटं आहेत, ज्ञानेश्वरी, गाथा, हरिपाठ, एकनाथी भागवत, गुरुचरित्र, आणि हे सगळं नियमानं लावलं तर २९४.५ च्या पुढं आकडे एवढे लांबतात की पुस्तकाच्या पाठीवर मावत नाहीत. आणि ही पुस्तकं न्यायला येतात कोण, तर पासष्ट-सत्तरीचे मामा लोक आणि बायका, आषाढाच्या आधी तर रांग लागते. नियमानं ते कपाट मधल्या खोलीत, वरच्या फळ्यांवर येत होतं. मी ते दाराजवळ आणलं, कमरेच्या उंचीच्या दोन फळ्या केल्या, मोठ्या टाइपाची पुस्तकं त्यावर. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा क्रम कोणता? मी म्हटलं, गुडघ्यांचा. साहेबांनी एकदा कपाटाकडं बघितलं, एकदा तिथं बसलेल्या मामांकडं बघितलं आणि पुढचं रजिस्टर मागितलं.

आपल्याकडं हे शास्त्र म्हणून शिकवायला सुरुवात कशी झाली ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि दुसऱ्याच वर्षी बडोद्यात प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचं शेतकऱ्याचं पोर दत्तक जाऊन राजा होतं आणि ठरवतं की पुस्तक देणाऱ्या माणसालाही शिक्षण पाहिजे. आणि रंगनाथन, आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक, ज्यांच्या जन्मदिनाला, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन करतो, ते मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला त्यांना इतका कंटाळा आला, इतकं एकटं वाटलं, की परत शिकवायला जाऊ द्या म्हणत होते. मग विद्यापीठानं लंडनला शिकायला पाठवलं आणि तिथं त्यांनी वाचनालयं फिरून बघितली, परत आले ते वेगळेच होऊन. १९३१ मध्ये त्यांची पाच सूत्रं आली, आम्हाला तोंडपाठ असतात, ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. परीक्षेत दहा मार्काला येतात. पण त्या पाचात कपाट नाही, कुलूप नाही, किल्ली नाही, दोनदा वाचक आहे आणि एकदा त्याचा वेळ आहे, हे माझ्या ध्यानात यायला नोकरीची दहा वर्षं गेली.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत, १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमसुद्धा उर्दूच. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ हा निजामाचा हुकूम आडवा यायचा, परवानगीशिवाय सभा नाही. त्या काळात चार माणसांनी एकत्र येऊन मराठी पेपर वाचायची जागा म्हणजे वाचनालय, आणि ते चालवणारा माणूस नुसता पुस्तकं सांभाळत नव्हता, तो काय सांभाळत होता ते निजामाच्या पोलिसांना बरोबर माहीत होतं. आमच्या वाचनालयाच्या जुन्या कपाटात त्या वेळचं एक देवघेव रजिस्टर आहे, पानं हात लावला की तुटतात, अक्षर मोडी आणि बाळबोध मिसळलेलं. एकाच पुस्तकापुढं ओळीनं अकरा नावं आहेत, प्रत्येकाला दोन दोन दिवसच दिलेलं. म्हणजे बाकीचे थांबलेत हे त्या देणाऱ्याला माहीत होतं. ह्या माणसानं कुठं कोर्स केला होता हो? त्याचं नावसुद्धा रजिस्टरवर नाही, नुसती सही, तीही लागत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, १९५५ मध्ये हैदराबाद राज्यानं ग्रंथालयाचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी मराठवाडा त्या राज्यातून बाहेर पडला, महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ ला. त्या कायद्यानं अ ब क ड वर्ग आले, अनुदान आलं, तपासणी आली. कायदा चांगलाच आहे, तो नसता तर खेड्यापाड्यात पुस्तकच गेलं नसतं, पण त्यातून आमच्या लोकांची ओळख हळूहळू रजिस्टर पूर्ण ठेवणारा माणूस अशी झाली. आणि मानधनाचं तर काय सांगावं. अनुदान हप्त्यानं येतं, लांबलं की आम्हीही लांबतो. माझ्यासोबत कोर्स केलेल्या सातजणींपैकी चौघींनी हे काम सोडलं, एक अंगणवाडीत आहे, एकीचं शिवणाचं दुकान आहे, आणि त्या दोघीही माझ्याहून हुशार होत्या हे मी मनापासून सांगते.

आता अभ्यासिका. सकाळी पायरीवर बसलेली पोरं तिथलीच. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, जे निघेल ते. त्यांना आमची पुस्तकं लागत नाहीत, त्यांच्या सॅकमध्ये त्यांची असतात, त्यांना लागतं टेबल, पंखा, चार्जिंगचा पॉइंट आणि शांतता. मागं एकदा कमिटीच्या बैठकीत विषय निघाला की कादंबऱ्यांची कपाटं हलवून तिथं अजून वीस खुर्च्या बसतील. मी विरोध केला, पण अभ्यासिकेला माझा विरोध नाही. ज्या घरात दोन खोल्यांत सात माणसं आणि टीव्ही आहे तिथल्या पोरानं वाचायचं कुठं? आणि मुली. आमच्याकडं आता अकरा मुली बसतात, संध्याकाळी साडेसातपर्यंत, आणि त्या बसतात कारण त्यांच्या घरी सांगता येतं की तिथं मॅडम आहेत. एका मुलीचे वडील तर पहिल्या दिवशी येऊन माझ्यासमोर तासभर बसून गेले, काही बोलले नाहीत, नुसते बसून बघत होते, जाताना म्हणाले, "येऊ द्या तिला." हे काम कोणत्याच पेपरला नव्हतं.

कपाटं राहिली. त्याच पोरांपैकी एकानं, तीन वेळा लेखी पास होऊन फिजिकलला राहिलेला पोरगा तो, एकदा दुपारी पुस्तक मिटलं आणि उठून आला. "मॅडम, काहीतरी दुसरं द्या ना." मी विचारलं, कसलं दुसरं? म्हणाला, "माहिती नाही. ज्यात प्रश्नाचे चार पर्याय नसतील असलं." आता ह्याला पुस्तक द्यायचं म्हणजे संगणकावर काय टाकणार? मी त्याला बसवलं, गाव विचारलं, घरी काय पेरतात विचारलं, लहानपणी कुणी गोष्टी सांगायचं का विचारलं. त्याची आजी सांगायची. मग मी एक लोककथांचं पुस्तक दिलं, पातळ. तीन दिवसांनी परत आणलं आणि उभ्या उभ्या मला त्यातली एक गोष्ट कशी चुकीची छापलीय ते सांगितलं, त्याच्या आजीची वेगळी होती. मी म्हटलं, लिहून दे. त्यानं खरंच दीड पान लिहून दिलं, माझ्याकडं आहे.

ह्याला आमच्या शास्त्रात संदर्भ सेवा म्हणतात, आणि एक गोष्ट जगभरातले ग्रंथपाल जाणतात की माणूस पहिल्यांदा जो प्रश्न विचारतो तो बहुतेक वेळा त्याचा खरा प्रश्न नसतो. तो जे मिळेल असं त्याला वाटतं ते विचारतो. खरा प्रश्न चार वाक्यं बोलल्यावर निघतो. हे कोर्समध्ये असतं, पण एखाद्या धड्यात, व्याख्या आणि प्रकार, थोडक्यात टिपा लिहा. माणसाशी बोलायचं प्रॅक्टिकल मी कुठंच दिलं नाही.

त्याउलट बाकीचं सगळं बदललं. विभागाच्या नावात ग्रंथालयशास्त्राच्या पुढं माहितीशास्त्र आलं. कॉलेजांत कोहा आलं, न्यूझीलंडच्या एका छोट्या वाचनालयासाठी बनवलेलं आणि सगळ्या जगाला फुकट दिलेलं सॉफ्टवेअर, कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट, हे मला फार आवडतं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट संस्थेचं सोल नावाचं सॉफ्टवेअर आलं, प्रबंधांचं ऑनलाइन भांडार शोधगंगा आलं, परभणीत बसून देशातल्या कितीतरी विद्यापीठांचे प्रबंध वाचता येतात. हे शिकलंच पाहिजे, मी चाळिशीनंतर शिकले, बारकोडचं मशीन पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा हात थरथरत होता. कार्डाची कपाटं आता कुणी उघडत नाही, त्याचं दुःख करत बसायला मला वेळ नाही.

आणि आता तर पोरं मोबाईललाच विचारतात. गेल्या वर्षी एक एम.ए.ची मुलगी आली, मुक्तिसंग्रामातल्या बायकांवर प्रोजेक्ट होता तिचा, हातात पाच पुस्तकांची यादी, लेखक, प्रकाशक, साल सगळं व्यवस्थित. एआयनं दिली होती. दोन आमच्याकडं निघाली. बाकीची तीन मी विद्यापीठाच्या सूचीत शोधली, जगभरातल्या ग्रंथालयांच्या एकत्र सूचीत शोधली, त्या प्रकाशकाच्या यादीत बघितली. नाहीतच. अशी पुस्तकं कुणी लिहिलेलीच नाहीत. त्या मुलीचा चेहरा एवढासा झाला, तिला वाटलं आमचं वाचनालय लहान आहे म्हणून सापडत नसतील. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी बसून दुसरी यादी केली, जी पुस्तकं खरंच आहेत त्यांची. लोक म्हणतात आता ग्रंथपाल कशाला, सगळं मोबाईलवर आहे. सगळं आहे हो, आणि जे नाही तेसुद्धा आहे, आणि दोन्ही एकाच अक्षरात लिहिलेलं दिसतं.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती वेगळी.

२०२३ च्या सप्टेंबरनंतर, आंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन झालं, कुणबी नोंदी (पूर्वजाची अशी नोंद सापडली की कुणबी दाखला मिळतो) शोधायला सरकारनं समिती नेमली, तेव्हापासून आमच्या वाचनालयात अशी माणसं यायला लागली जी आयुष्यात कधी वाचनालयाची पायरी चढली नव्हती. एकच मागणी. हैदराबाद गॅझेट. एक काका आले होते, साठीचे, धोतर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधारकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सगळं. "बाई, गॅझेट हाय का तुमच्याकडं? त्यात आमचं नाव काढायचंय."

आता पुस्तक काढून देणाऱ्यानं काय केलं असतं, आहे नाहीतर नाही म्हटलं असतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. गॅझेट म्हणजे सरकारी राजपत्र, हुकूम छापतात ते, आणि लोक जे म्हणतायत ते गॅझेटिअर, म्हणजे मुलखाची माहिती सांगणारं पुस्तक, हैदराबाद संस्थानाचं १९०९ साली छापलेलं आहे, इंग्रजीत. त्यात पाऊस किती, पिकं कोणती, कोणत्या जातीची किती माणसं, असं आहे. माणसांची नावं नाहीत. हे मी त्यांना संगणकावर पान काढून दाखवलं. ते बराच वेळ त्या इंग्रजी पानाकडं बघत बसले. मग मी विचारलं, काका, तुम्हाला नक्की काय शोधायचंय? ते म्हणाले, "माह्या आज्याचं नाव."

हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर वाचनालयात नाहीच. ते तहसीलमध्ये आहे, १९५४-५५ च्या खासरा पत्रकात, गाव नमुना १४ मध्ये ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, नाहीतर शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टरात. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, कोणत्या कार्यालयात, कोणत्या नावानं मागायचं, कोणत्या साली बघायचं. पंधरा दिवसांनी काका परत आले. नोंदीचा फोटो होता मोबाईलमध्ये. उर्दूत. त्यांना येत नाही, मला येत नाही, आणि त्यांच्या गावातही आता वाचणारं कुणी राहिलं नव्हतं.

आमच्याकडं रोज सकाळी उर्दू पेपर वाचायला एक गुरुजी येतात, जुन्या उर्दू शाळेतले, रिटायर होऊन वीस वर्षं झाली. त्या पेपरची वर्गणी बंद करा, एकच माणूस वाचतो, असं कमिटीत दोनदा आलं होतं आणि दोन्ही वेळा मी ती चालू ठेवली होती. गुरुजींना मी तो फोटो मोठा करून, प्रिंट काढून दिला. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीकडं धरला आणि वाचायला लागले, गावाचं नाव, सर्व्हे नंबर, मग एकेक माणूस. काका टेबलावर दोन्ही हात टेकवून उभे. चौथ्या नावाला ते म्हणाले, "थांबा थांबा. हा सखाराम म्हंजे आमच्या शेजारच्याचा पणजा." गुरुजी हसले आणि पुढं वाचू लागले.

तेव्हापासून दर बुधवारी गुरुजी दोन तास त्याच टेबलावर बसतात. मोडीवाले एक पेन्शनर आहेत, तेही येतात कधीकधी. मी एक वही ठेवलीय, त्यात आलेल्या माणसाचा प्रश्न लिहायचा, उत्तर मिळालं तर कुठं मिळालं ते खाली. आता सर्टिफिकेट कोर्सची पोरं प्रॅक्टिकलला माझ्याकडं पाठवतात तेव्हा मी पहिल्या दिवशी त्यांच्या हातात दाखल रजिस्टर देत नाही, ही वही देते.

गेल्या बुधवारी आलेली मुलगी जिंतूरकडची होती, नवी कोरी वही, दोन पेनं. टेबलावर एक म्हातारे आजोबा बसलेले, गुरुजी अजून यायचे होते. तिनं त्यांच्याशी थोडं बोलून घेतलं आणि माझ्याकडं येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, विषयाच्या रकान्यात काय लिहू? महसूल अभिलेख लिहू का वंशावळ?"

मी म्हटलं, ते काय म्हणाले?

तिनं सांगितलं. मी म्हटलं, तसंच लिही.

ती परत जाऊन आजोबांच्या शेजारी बसली आणि लिहायला लागली, एकेक शब्द त्यांना परत विचारून: माझी आई माहेरी कोणत्या नावानं होती.